कागदावरचे सभासद

१

पूर्णेहून सकाळी साडेआठला सुटणारी बस ताडकळसला पोहोचायची, तेव्हा वाचनालयाच्या पायरीवर भुजंगराव बसलेले असायचेच. चार वर्षांत एकदाही चुकले नाहीत. सुकेशनी वाव्हळे कुलूप काढायची, ते मागोमाग आत यायचे, खिडकीजवळची मोडक्या हाताची खुर्ची ओढून बसायचे आणि वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचायला घ्यायचे. पहिल्या पानावर येईपर्यंत एक वाजायचा, म्हणजे वाचनालय बंद व्हायची वेळ. "पुढून का नाही वाचत काका?" असं तिनं एकदा विचारलं, तर म्हणाले, "पुढं समदी भांडनं असत्यात बाई. मागून आलं म्हंजी जरा सवय होती."

सुकेशनी तिथली ग्रंथपाल. वय एकतीस, पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, आणि टापटिपीच्या बाबतीत नको तितकी कडक. घरी मसाल्याच्या डब्यांवरसुद्धा तिनं चिठ्ठ्या चिकटवलेल्या. तिची आई म्हणायची, "हिला नवरा बघून दिला तर त्याच्या पाठीवरबी नंबर टाकंल ही." विचारात पडली की डाव्या भुवईवरचा व्रण चोळायची तिची सवय होती. लहानपणी रुळाच्या खडीवर पडली होती, त्याची ती खूण.

अकराला चहा यायचा. वाचनालयाच्या मागं दोन खोल्या होत्या. तिथं बन्सीधर सर राहायचे, सुकेशनीच्या आधीचे ग्रंथपाल. त्यांच्या पत्नी धुरपताबाई अकराच्या ठोक्याला मागच्या दारानं आत यायच्या आणि आल्याच्या चहाचा स्टीलचा पेला टेबलावर ठेवायच्या. पेला रोज एकाच जागी. त्यामुळं टेबलाच्या पॉलिशवर एक पांढरं गोल कायमचं उमटलं होतं.

मग धुरपताकाकू एखादं मासिक घेऊन बाकावर बसायच्या आणि ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचायच्या. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. सर बहात्तरचे, डोकं कापसासारखं पांढरं. आणि काकूंच्या अंबाड्यात एक पिकला केस नव्हता.

"काकू, केसांना काय लावता हो तुम्ही?" सुकेशनी चेष्टा करायची.

"काय न्हाई गं. हाय तशी हाय मी," काकू म्हणायच्या आणि पुन्हा बोट ओळीवर ठेवायच्या. माहेर कुठलं, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

२

दोन महिन्यांपूर्वी परभणीला तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. तिथल्या साहेबांनी फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढलं होतं. नोंद तयार करा, जपा, वापरा, जुनी झाली की बाजूला ठेवा, कामाची उरली नाही की नष्ट करा. "माहितीलापण आयुष्य असतं," साहेब म्हणाले, "ते संपल्यावर ती सांभाळत बसणं म्हणजे घरात मढं ठेवणं." सभागृह हसलं. सुकेशनीनं ते वर्तुळ वहीत उतरवून घेतलं, रंगीत पेनानं.

ताडकळसला आल्यावर तिनं सगळ्या नोंदवह्या संगणकावर चढवल्या. सहाशे अकरा सभासद. पुढच्या आठवड्यात तपासणी होती आणि या वेळी तपासणीचे साहेब एकेका सभासदाला फोन लावून बघणार होते. आधार क्रमांक नाही, मोबाइल नाही, असे सभासद निघाले तर वाचनालयाचा वर्ग खाली जाणार, अनुदान घटणार आणि पहिली गदा ग्रंथपालावर येणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. तिच्या पगारावर घर चाललं होतं. वडील निवृत्त, भाऊ अजून शिकत होता.

असे सभासद एक्केचाळीस निघाले. ती दारोदार हिंडली. दोन नावं सोडली तर त्या पत्त्यांवर त्या नावाचं कुणी राहत नव्हतं. आता, गावोगावच्या वाचनालयांत संख्या भरायला दोनचार नावं कागदावर असतात, हे तिलाही माहीत होतं. पण एक्केचाळीस? वर बन्सीधर सर निवृत्तीनंतरही दर महिन्याच्या एक तारखेला यायचे आणि देवघेवीच्या वहीत त्याच नावांपुढं आपल्या हातानं लिहायचे: हे पुस्तक नेलं, ते परत केलं. सुकेशनीला ते बघून लाज वाटायची. एवढा सालस माणूस, आणि ही लबाडी.

"सर, ही नावं काढून टाकते मी," ती त्यांना म्हणाली होती.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ऱ्हाऊ दे त्येंना सुकेशनी. कुनाच्या अध्यात न्हाईत, मध्यात न्हाईत. हात लावू नगंस."

म्हाताऱ्याला आपलं पाप झाकायचंय, असं तिनं मनात धरलं आणि विषय सोडला.

एक गोष्ट मात्र खरी. त्या एक्केचाळिसांत भुजंगराव होते आणि धुरपताकाकूही होत्या. दोघांना आधार आणा म्हणून तिनं तीनतीनदा सांगितलं होतं. भुजंगराव "उद्या आनतो" म्हणायचे, काकू नुसत्या हसायच्या. सोमवारी दुपारी, साडेतीनची बस गाठायच्या घाईत, ती त्या दोन नावांपाशी क्षणभर थांबली. मग तिनं स्वतःची समजूत घातली. ही तर डोळ्यांसमोरची माणसं. खरं माणूस असेल तर कार्ड घेऊन येईलच, तेव्हा पुन्हा नोंद करू, त्यात काय? तिनं सगळी एक्केचाळीस नावं निवडली आणि काढून टाकली. मग रोजच्या शिस्तीनं पेनड्राइव्हवर नक्कल घेतली, कालच्या नकलेवर आजची. कागदी नोंदवह्या समितीच्या ठरावाप्रमाणं त्याच सकाळी रद्दीवाल्याच्या टेम्पोत चढल्या होत्या.

वर्तुळ पुरं झालं. बसमध्ये तिला छान झोप लागली.

३

मंगळवारी पायरी रिकामी होती.

माणूस आजारी पडतो, लेकीकडं जातो, सुकेशनीनं विचार केला आणि कुलूप काढलं. खिडकीजवळच्या खुर्चीवर वर्तमानपत्र ठेवायला ती वाकली आणि तशीच राहिली. खुर्चीच्या बैठकीवर बोटभर धूळ होती. रात्रीत साचावी तशी भुरभुरीत नव्हे. जुनी, दाट, कडेला कोळ्याचं जाळं धरलेली. काल एक वाजेपर्यंत त्या खुर्चीत माणूस बसलेला होता.

खिडकी उघडी राहिली असेल, वारं आलं असेल. पण वारं कोळी घेऊन येत नाही, हेही तिला कळत होतं.

पिठाची गिरणी चालवणारा दत्ता रोजच्यासारखा वर्तमानपत्र चाळायला आला. तिनं सहज विचारावं तसं विचारलं, "दत्ताभाऊ, भुजंगराव दिसले का कुठं?"

"कोन भुजंगराव?"

"अहो, इथं बसतात ते. मागून पेपर वाचतात."

दत्ता हसला. "त्या मोडक्या खुर्चीत कोन बसतंय बाई? मी येतोय तवापासून ती तशीच पडून हाय. फेकून द्या म्हनलं व्हतं ना मी तुमाला?"

तो चेष्टा करत नव्हता. दत्ताची चेष्टा त्याच्या मिशीवरून ओळखू यायची, आणि मिशी जागेवर होती. सुकेशनीनं मान डोलावली आणि टेबलाशी जाऊन बसली. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. मागचं दार वाजलं नाही. तिचा हात सवयीनं पेल्याच्या जागेवर गेला आणि तिनं खाली पाहिलं. टेबलाचं पॉलिश अखंड होतं. चार वर्षांचं ते पांढरं गोल तिथं नव्हतं.

"दत्ताभाऊ," तिचा आवाज तिलाच परका वाटला, "बन्सीधर सरांच्या घरी... काकू बऱ्या आहेत ना?"

"काकू? सरांचं लगीनच कुठं झालंय?" दत्तानं पान उलटलं. "एकटा जीव हाय बगा. समदं आयुष्य पुस्तकांत घालवलं त्या मानसानं."

४

मागच्या खोलीत सर उंबऱ्यावर बसले होते. सुकेशनी या घरात शंभरदा आली होती. भिंतीवर काकूंचा छोटा आरसा असायचा. तिथं आता खिळाही नव्हता आणि खिळ्याचं भोकही नव्हतं. मांडणीवर एक ताट, एक वाटी, एक तांब्या. दोरीवर धोतर आणि सदरा. खोलीला एकट्या पुरुषाच्या घराचा वास येत होता, आणि तो वास एका रात्रीत येत नसतो.

"काय केलंस सुकेशनी?" सर म्हणाले.

"सर, काकू कुठायत?"

"त्येच मी तुला इचारायलो. काल दुपारी भाकरी थापायली व्हती. साडेतीनच्या सुमाराला मी पानी प्यायला उठलो. माघारी आलो तर परात न्हाई, पीठ न्हाई, ती न्हाई."

सुकेशनी तिथंच जमिनीवर बसली. तिनं खरं ते सांगून टाकलं. सरांनी रागावायला हवं होतं, ते रागावले नाहीत. बोलायला लागले, तेही तिच्याकडं न बघता.

"चौऱ्यान्नवची गोष्ट. तपासनी चार दिसांवर आलती. सभासद कमी, बाया तर न्हाईतच म्हनले. गावात बाया वाचनालयाची पायरी चढत नव्हत्या, कुठून आनू? बसलो अन् लिव्हली एक्केचाळीस नावं, सुचतील तशी. माजं लगीन झालेलं नव्हतं. बेचाळीस वय, ह्या दोन खोल्या अन् एक स्टो. एका वळीत लिवून गेलो, धुरपताबाई बन्सीधर, वय अडतीस, शिक्षान चौथी, धंदा घरकाम. आपली गंमत. तिच्या नावावर एक मासिक दिलेलं दाखवलं."

"मग?"

"मग पंधराव्या दिशी ती मासिक परत द्याया आली."

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल फटफटत गेली. ज्या बाईच्या हातचा चहा सुकेशनी चार वर्षं प्यायली, ती बाई म्हणजे नोंदवहीतली एक ओळ?

"तुम्ही काही विचारलं नाही त्यांना?"

"इचारलं असतं अन् गेली असती तर?" सरांनी डोळे पुसले. "माहेर लिव्हलं नव्हतं, म्हनून तिला माहेर नव्हतं. वय लिव्हलं अडतीस, ती अडतीसचीच ऱ्हायली. मी म्हातारा झालो. एका साली तापानं पडलो, दोन महिने नोंदी झाल्या न्हाईत, तर ती आशी फिकट पडली की हातातला पेला तिच्या बोटांतून दिसाया लागला. तवापासून एक तारीख कवा चुकवली न्हाई. तुला वाटलं मी सरकारला फसवायलो."

सुकेशनीला रडू कोसळलं. हे सगळं खोटं आहे, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं तिची बुद्धी तिला सांगत होती. आणि टेबलावरचं नसलेलं गोल तिला दुसरंच सांगत होतं.

"पुन्हा लिव्ह," सर म्हणाले. "जुनी वही आन, त्यात बघून जशीच्या तशी लिव्ह."

तिनं रद्दीवाल्याला फोन लावला. गठ्ठे कालच ट्रकमध्ये चढले होते, कुठल्या कारखान्यात ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पेनड्राइव्ह लावून पाहिला. त्यात पाचशे सत्तर सभासद होते, स्वच्छ, नीटनेटके, कालच्या तारखेचे. स्वतःच्या टापटिपीचा तिला आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

५

त्या दुपारी दोघं संगणकासमोर बसले. नवीन नोंदीचा तक्ता उघडला. नाव, लिंग, वय, शिक्षण, व्यवसाय, आधार, मोबाइल, छायाचित्र. नाव आणि लिंग भरलं की नोंद होत होती, बाकीचं मागून भरलं तरी चालत होतं.

"नाव घाल आधी," सर उतावीळ झाले होते. "ती येऊ दे. बाकीचं बसून सावकाश घालू."

"सगळं एकदम भरू ना सर?"

"तुजी बस जाईल. नाव घाल म्हनतो ना!"

इतक्या वर्षांत सरांनी तिच्यावर आवाज चढवला नव्हता. तिनं नाव टाकलं, स्त्री टाकलं. भुजंगरावांचं काय, असंही तिच्या मनात आलं. पण त्यांचं नाव आणि साठ वय यापलीकडं सरांनाच काही आठवत नव्हतं. "आता हे बटन दाबलं की जपलं जातंय, न्हाई का?" सरांनी विचारलं. ती हो म्हणाली आणि तिनं एंटर दाबलं. सभासद क्रमांक सहाशे बारा. छायाचित्राच्या चौकटीत संगणकानं आपली नेहमीची खूण आपोआप टाकली, फोटो नसला की टाकतो ती. राखाडी गोल डोकं, राखाडी खांदे.

बुधवारी सकाळपासून तिचं कशात लक्ष नव्हतं. अकराला मागचं दार वाजलं.

आधी बांगड्यांचा आवाज आला, मग पेला टेबलावर टेकला. सुकेशनीनं खालीच पाहिलं. पॉलिशवर पांढरं गोल परत आलं होतं आणि पेला बरोबर त्यावर बसला होता. आनंदानं तिचे डोळे भरून आले. काकू आल्या! तिनं पेला तोंडाला लावला. आत नुसतं गरम पाणी होतं.

काकू बाकावर जाऊन बसल्या होत्या. तोच अंबाडा, तीच हिरवी साडी, पदर पुढं ओढलेला. हातात मासिक होतं आणि बोट ओळीखालून सरकत होतं. मासिक उलटं धरलेलं होतं. बोट एकाच संथ गतीनं डावीकडून उजवीकडं जायचं, पुन्हा डावीकडं यायचं, आणि पान कधीच उलटत नव्हतं.

शिक्षणाचा रकाना मोकळा आहे, सुकेशनीच्या लक्षात आलं. व्यवसायाचाही. म्हणून चहा नाही.

"काकू," तिनं हाक मारली.

बोट थांबलं. मान वर झाली, पदर थोडा मागं सरला. सुकेशनीनं पाहिलं ते क्षणभरच, कारण पुढं पाहण्याची ताकद तिच्यात नव्हती. कपाळ जिथं सुरू व्हावं तिथून हनुवटी जिथं संपावी तिथपर्यंत एकसारखा राखाडी रंग होता, कडा गोल आणि गुळगुळीत. आणि तो तिच्याकडं वळलेला होता.

ती खुर्चीसकट मागं पडली. उठून धावत मागच्या खोलीत गेली तेव्हा तिच्या तोंडून नुसती हवा निघत होती.

सर चुलीपाशी शांत बसले होते. "बगितलंस?" ते म्हणाले. "रातभर माज्या उशाला बसून व्हती. झोपच ठाऊक न्हाई तिला."

"सर, ते... त्या काकू नाहीत."

"हाय. तीच हाय. चौऱ्यान्नवच्या वहीत फोटोचा रकानाच नव्हता गं. रकानाच न्हाई तर मोकळा कसा ऱ्हाईल? तुज्या यंत्रात हाय, अन् तो मोकळा सोडलास तू."

६

सुकेशनीनं ठरवलं, नोंद काढून टाकायची. सरांना काय वाटायचं ते वाटो. पण सरांनी तिचे पाय धरले. बहात्तर वर्षांचा माणूस, जिच्याकडून तो चार वर्षं "सर" म्हणून घेत होता तिच्यासमोर जमिनीवर बसलेला, हे तिला पाहवेना. "आधी बाकीचं भर," ते म्हणाले. "भरून बघ तरी. येकदा बघ."

ती मान खाली घालून वाचनालयात आली. बाक रिकामा होता. मागून हळूहळू कुणीतरी भांडी लावत असल्याचा आवाज येत होता. सर तिच्या खुर्चीच्या मागं उभे राहिले. वय अडतीस. तिनं टाकलं. शिक्षण चौथी. व्यवसाय घरकाम. आधार आणि मोबाइल माझाच टाक, सर म्हणाले. तिनं तेही टाकलं. कालपर्यंत ज्याला ती लबाडी म्हणत होती ते आज तिच्या बोटांनी बिनतक्रार केलं. शेवटचं बटण दाबलं आणि मागच्या दारातून आल्याच्या चहाचा वास आला. खरा, कडक, रोजचा.

"बघ!" सर म्हणाले. "आली. निम्मी आली. आता तेवढं तोंड."

"फोटो आहे का काकूंचा एखादा? लग्नातला, जत्रेतला?"

"कसला फोटो? लगीन कुठं झालतं?"

"मग कशा दिसायच्या ते सांगा. कुणाकडून काढून घेऊ."

सरांनी डोळे मिटले. "आठवंना गं. कालपासून आठवायलो. तीस वर्सं बगितलं, अन् आता डोळं मिटलं की नुसता तो राखाडी रंग दिसायलाय."

तिलाही आठवत नव्हतं. चार वर्षं समोर बसलेल्या बाईचं नाक कसं होतं, डोळे कसे होते? तिनं आठवायचा प्रयत्न केला आणि डोक्यात चहाचा पेला, हिरवा पदर आणि ओळीखालचं बोट एवढंच आलं.

तिनं छायाचित्राच्या चौकटीवर बाण नेला, आत काय पर्याय आहेत ते बघायला. संगणकाच्या डोक्यावर सभासदांचे फोटो काढायला बसवलेला छोटा कॅमेरा होता. त्याचा हिरवा दिवा लागला आणि पडद्यावर तिचं स्वतःचं तोंड आलं. रडून सुजलेले डोळे, डाव्या भुवईवर व्रण. ती रद्द करायला माउसकडं वळली. मागून सरांचा हात तिच्या खांद्यावरून पुढं आला. सुरकुतलेला, शाईच्या डागांचा हात. त्यानं एंटर दाबलं.

"सर!"

"कुनाचंबी चालंल पोरी," सर हळूच म्हणाले. ते रडत होते आणि हसतही होते. "तुजं तोंड चांगलं हाय. अन् तुला काय व्हनार हाय? तू खरी हायेस. खरं मानूस कुठं जातंय?"

पडद्यावर अक्षरं आली: नोंद जतन झाली.

मागच्या खोलीत भांडी थांबली. आणि कुणीतरी हसलं. जरासं नाकातून, शेवटी उसासा टाकल्यासारखं हसलं. सुकेशनीची आई तिला नेहमी म्हणायची, असं हसू नको, चेष्टा केल्यासारखं वाटतं.

सर लगबगीनं मागच्या खोलीत गेले. सुकेशनीनं पर्स उचलली. पुढच्या दारानं बाहेर पडून गल्लीच्या कडेनं जाताना मागच्या खोलीची खिडकी लागत होती. बघायचं नाही, असं ठरवूनही तिनं पाहिलं. गजांच्या आड काळ्याभोर अंबाड्याची बाई सरांना पेला देत होती. तिचा चेहरा तिरका दिसला. ती दुसऱ्या हातानं डावी भुवई चोळत होती, जुना व्रण चोळावा तशी.

पुढं ती बसथांब्यापर्यंत कशी आली ते तिला कळलं नाही. रस्त्यात दत्ताची गिरणी लागली, तो दारात उभा होता, त्यानं ओळख दिली नाही. बस आली. ती खिडकीशी बसली आणि तिनं डोळे मिटून घेतले. घरी जायचं, आईला सांगायचं, उद्या रजा टाकायची, परवा पोलिसांत जायचं. पोलिसांना सांगायचं काय? माझा फोटो चोरला. तिला एकटीलाच हसू आलं, आणि हसण्याचा आवाज झाला नाही.

कंडक्टर नागनाथ तिकिटं देत आला. चार वर्षांत त्यानं तिला पास मागितला नव्हता, "काय बाई, किती पुस्तकं विकली आज?" हा त्याचा ठरलेला विनोद होता. आज तो तिच्या सीटपाशी येऊन थबकला. तिकिटाच्या मशीनवरचं बोट हवेत राहिलं.

"पास," तो म्हणाला.

तिनं पर्समधून पास काढून दिला. नागनाथनं पासावरच्या फोटोकडं पाहिलं. तिच्याकडं पाहिलं. पुन्हा फोटोकडं पाहिलं. तिनंही मान पुढं करून पाहिलं. नाव तिचंच होतं, सही तिचीच होती, आणि वरच्या चौकटीत गोल राखाडी डोकं होतं, राखाडी खांद्यांवर ठेवलेलं.

शेजारी बसलेली म्हातारी उठली आणि पिशवी छातीशी धरून पुढच्या सीटवर गेली. सुकेशनीनं डावा हात वर नेला. व्रण शोधायला भुवईवर बोट ठेवलं, आणि बोट सरकतच गेलं, कुठं अडलंच नाही.

नागनाथ सज्जन माणूस. त्यानं पास तिच्या मांडीवर ठेवला आणि तिच्याकडं न बघता, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाला,

"ओढनी घ्या तोंडावर, बाई. लोकं बगायलीत."